एकाच मळ्याची व्हाइट वाइन आणि तिच्याखालची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या गच्चीवर महिन्यातून एकदा दहा-बारा जण जमतो, पावसात गच्चीऐवजी हॉलात. पैसे काढून दोन-तीन बऱ्या बाटल्या आणतो, हळूहळू पितो आणि वाद घालतो. नवीन आलेला माणूस ठरलेलेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. मी शिकलेला एक्स्पर्ट नाही, फक्त बारा वर्षं चुका करून शिकलोय.

सिंगल व्हिनयार्ड म्हणजे नेमकं काय हो?

एकाच मळ्यातली द्राक्षं, दुसरीकडचा माल मिसळलेला नाही, एवढंच. नाशिकचा बागायतदार ज्याला 'एकाच प्लॉटचा माल' म्हणतो तेच. गोव्यातल्या माणसाला खरं म्हणजे हे समजवायला लागूच नये, कारण आपण बाजारात मिरची खोल्याची की हरमलची ते विचारतो, वांगी आगशीची आहेत म्हटल्यावर दोन पैसे जास्त देतो, आणि मानकुराद आंबा कुठल्या भाटातला, म्हणजे बागेतला, यावर तर घराघरात भांडणं आहेत. वाइनवाल्यांनी तेच केलंय, फक्त ते लेबलवर छापलं आणि त्याचे कायदे केले. अमेरिकेत लेबलवर मळ्याचं नाव टाकायचं तर ९५ टक्के द्राक्षं त्या मळ्यातली हवीत. फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या असल्या आखलेल्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात, २०१५ साली ते युनेस्कोच्या यादीतही गेले.

तुकडे किती लहान असावेत? मोंराशे हा व्हाइट वाइनचा जगातला बहुतेक सगळ्यात मोठा मान असलेला मळा, तो सगळा मिळून आठ हेक्टर, आणि त्यातही डझनाहून जास्त मालक, म्हणजे आपल्याकडच्या वडिलोपार्जित भाटासारखीच गत. उलट ल्वार नदीकाठचा कुले द सेरां, सुमारे सात हेक्टर, पूर्ण एकाच घराण्याचा, बाराव्या शतकात मठातल्या साधूंनी लावलेला.

मग सिंगल व्हिनयार्ड म्हणजे चांगलीच, असं समजायचं का?

नाही. वाईट मळ्याची सिंगल व्हिनयार्ड ही फक्त वाईट मळ्याची वाइन असते, महाग.

वाइनमध्ये मातीची चव खरंच येते का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर आधी माझी फजिती सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो, हॉलात बारा जण. मी शाब्ली, म्हणजे बर्गंडीच्या उत्तर टोकाची व्हाइट वाइन, ओतली आणि पहिला वास घेतल्याबरोबर एक जण म्हणाला, तळघर, ओली जमीन, दुसरा म्हणाला, हो हो, हाच तो टेरवार, म्हणजे वाइनवरची मळ्याच्या जमिनी-हवेची छाप, मीही मान डोलावली आणि चुनखडीवर पाच मिनिटं भाषण ठोकलं. शेजारच्या वहिनी तेवढा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी रिकामा ग्लास उचलला, हुंगला आणि म्हणाल्या, "भावजी, हा वास तर तुमच्या कपाटाचा." ग्लास जूनपासून लाकडी कपाटात पालथे घातलेले, आतली कुबट हवा काचेला धरून राहिली होती. गरम पाण्याने ग्लास धुतले आणि टेरवार गेला.

तेव्हापासून मी 'मातीची चव' हे शब्द जपून वापरतो. वेलीची मुळं दगड पीत नाहीत. ती पाणी पितात आणि पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असले क्षार घेतात, तेही थोडेथोडे, आणि शेवटी वाइनमध्ये जे उरतं ते जिभेला वेगळं ओळखता येईल इतकं सहसा नसतंच. वेल्समधले ॲलेक्स माल्टमन नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक वर्षानुवर्षं हेच सांगतायत, की वाइनमध्ये खडक सरळ उतरत नाही. हे ऐकून पुष्कळ लोकांना राग येतो. मला पण आला होता.

पण मला तर ओल्या दगडाचा वास येतो! तो खोटा?

वास खोटा नाही, त्याचा पत्ता चुकीचा आहे. घरी करून बघा. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, एक तुकडा कुंपणाच्या भिंतीचा घ्या, शेवाळ-धूळ बसलेला, आणि दुसरा खाणीतून नुकताच कापून आणलेला, आतल्या बाजूचा, स्वच्छ धुऊन उन्हात दोन दिवस वाळवलेला. दोन्हीवर पाणी शिंपडा. भिंतीवरचा तुकडा पहिल्या पावसासारखा घमघमेल, आतला जवळपास गप्प बसेल. म्हणजे वास दगडाचा नाही, दगडावर जे जगतं आणि साठतं त्याचा. पहिल्या पावसाच्या या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी 'पेट्रिकोर' नाव दिलं, त्यात झाडांनी सोडलेली तेलं असतात, आणि जोडीला मातीतल्या जिवाणूंचा जिओस्मिन, जो आपल्या नाकाला अगदी कणभर असला तरी कळतो.

वाइनमध्ये त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. बरीचशी ॲसिडिटी म्हणजे आंबटपणा, फळाचा वास कमी, आणि थोडी गंधकाची संयुगं, जी यीस्ट उपाशी राहिलं की तयार होतात, आगकाडी ओढल्यासारखा वास त्यांचाच. रीसलिंग द्राक्षाच्या वाइनमधला रॉकेलसारखा वास पण दगडातून आलेला नाही, त्याच्या मागे टीडीएन नावाचं संयुग आहे, द्राक्षांवर ऊन जास्त पडलं आणि बाटली जुनी झाली की ते वाढतं. आमच्यातले एक काका रेशनच्या रॉकेलच्या रांगेत वाढलेले, त्यांना तो वास आवडतो म्हणे, लहानपण आठवतं.

म्हणजे मातीचा काहीच हात नाही? मग एवढे पैसे कशाचे?

हात आहे, आणि मोठा आहे. पण तो चवीतून नाही, पाण्यातून फिरतो. या सगळ्या पानातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, माती म्हणजे वेलीची पाण्याची टाकी आणि तिचा नळ.

आपल्या फोंड्याचं कुळागर डोळ्यासमोर आणा. वरच्या मेरेवरची पोफळ आणि खाली झरीजवळची पोफळ, रोप तेच, शेणखत तेच, तरी झाड वेगळं दिसतं की नाही? द्राक्षाचं तसंच, फक्त हिशेब उलटा. पोफळीला पाणी पाहिजेच पाहिजे. द्राक्षवेलीला घड पिकायला लागले की पाणी थोडं कमी पडलेलं बरं, मग ती नवीन फुटवे काढायचं थांबवते, मणी लहान राहतात, साखर आणि वास मण्यात जमतात. जमीन कसदार आणि ओली असली तर वेल नुसती पानं काढत बसते, माजते, आणि वाइन पाणचट. पण व्हाइटच्या बाबतीत एक गोम आहे. रेड वाइनला जो ताण चालतो तो व्हाइटला सोसत नाही, पाणी फारच तुटलं तर सोव्हिन्यों ब्लांसारख्या द्राक्षाचा वासच मरतो आणि मागे कडवटपणा राहतो. म्हणून व्हाइटचे मोठे मळे बघाल तर तिथली जमीन पाणी पटकन खाली सोडते आणि तरी थोडं राखून ठेवते, आठवड्याला पगार दिल्यासारखं. चुनखडीचं कौतुक आहे ते मुख्यतः याच्यासाठी.

बाकीचं थोडक्यात: दगडगोटे ऊन धरून रात्री सोडतात, नायट्रोजन कमी असला तर पानं कमी आणि यीस्ट उपाशी, पोटॅशियम फार असलं तर रसाची ॲसिडिटी ढिली पडते. बोर्दोमध्ये कोर्नेलिस व्हान ल्युवेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, तीन जातींच्या लाल द्राक्षांवर, तीन तऱ्हेच्या जमिनींत, पाच वर्षं. त्यात सगळ्यात मोठा हात त्या त्या वर्षाच्या हवामानाचा निघाला, माती आणि जात त्याच्या मागे, आणि मातीचा हात मुख्यतः पाण्यातून. मला ते वाचून बरं वाटलं, आमच्या आजोबांनी तेच कमी शब्दांत सांगितलं असतं.

आणि हो, बहुतेक ठिकाणी मातीत असलेली मुळं त्या द्राक्षाची नसतातच. फायलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीमुळे कलम करतात, नाशिकात 'डॉगरिज खुंट' म्हणतात तसं. खाली एक वेल, वर दुसरी. वरच्या शार्दोने द्राक्षाला माती चाखायला मिळते कुठे!

शाब्लीच्या जमिनीत शिंपले आहेत म्हणतात, म्हणून ती खारट लागते ना?

शिंपले आहेत, एकदम खरं. किमरिजियन नावाची चुनखडीची आणि चिकणमातीची थर-थर जमीन, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ, आणि तिच्यात नखाएवढ्या कालवांचे ठसे खच्चून भरलेले. त्या कालवाचं शास्त्रीय नाव एक्सोजायरा व्हिर्गुला, व्हिर्गुला म्हणजे स्वल्पविराम, आकार तसाच. नाव मात्र इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या किमरिज गावाचं. सातही ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे मळे, एकाच उतारावर, सेरें नदीच्या उजव्या काठाला, आणि सगळी वाइन फक्त शार्दोनेची. पठारावर वेगळी, जास्त कठीण पोर्टलँडियन चुनखडी लागते, तिथली वाइन बहुतेक 'पती शाब्ली' म्हणून विकतात.

पण शिंपला म्हणजे चुना. आपल्याकडे शिंपले भाजून चुना केला, जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्याच्या तबकड्या बसवल्या, कुणी म्हणालं का की घरात बसल्यावर तिसऱ्यांची चव येते? शाब्लीचं 'खारट' वाटणं हे थंड हवा, कडक ॲसिडिटी आणि फळाची कमी बडबड यातून येतं. तरी कालवांबरोबर ती झकास लागते, त्याला माझी काही हरकत नाही.

दोन मातींतला फरक घरी कसा ओळखायचा?

एक बाटली घेऊन कधीच नाही. दोन पाहिजेत, शेजारी शेजारी. आणि द्राक्ष एकच पाहिजे, वर्ष एकच, शक्यतो बनवणारा माणूस पण एकच, नाहीतर तुम्ही माती सोडून बाकी सगळंच चाखताय. लोक शाब्ली आणि रीसलिंग समोर ठेवतात आणि म्हणतात बघा चुनखडी आणि स्लेट, म्हणजे पाटीचा दगड. अहो, तो नारळ आणि काजूचा फरक आहे, जमिनीचा नाही.

आमची सगळ्यात चांगली बैठक झाली ती जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या दोन रीसलिंगची. एकच घर, एकच साल. एक वेलेनर झोननउर, निळसर स्लेट, झोननउर म्हणजे धूपघडी, ती १८४२ पासून त्या मळ्यात उभी आहे, आणि दुसरी उर्त्सिगर व्युर्त्सगार्टन, तिथली स्लेट आणि माती लाल. मळे एकमेकांपासून काही किलोमीटरवर. पहिली सरळ, बारीक, कैरीच्या सालीसारखी, दुसरी जास्त रुंद, तिच्यात आलं-जायफळासारखं काहीतरी. बारापैकी नऊ जणांनी डोळे झाकून दोन्ही वेगळ्या ओळखल्या. पण त्यात स्लेटचा रंग किती, उताराचा कोन किती, नदीकडे तोंड किती, ते ग्लासात बसून कोण सांगणार? मी 'मळ्याचा फरक' म्हणतो, 'मातीचा' म्हणत नाही.

प्यायची रीत काय? आमच्याकडे मे महिन्यात लोणीसुद्धा उभं राहत नाही.

व्हाइट वाइन गोव्यात दोन प्रकारे बिघडवतात, बर्फासारखी गार करून किंवा गरम होऊ देऊन. फ्रीजमधून काढलेली बाटली चार-पाच डिग्रीला असते, त्या थंडीत चांगली आणि वाईट वाइन सारखीच लागते. सिंगल व्हिनयार्डला दहा-बारा डिग्री हवी. बाहेर काढून पंधरा मिनिटं ठेवली की आपल्याकडे पुरे, मग बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत, आणि एका वेळी ५० मिली ओता, जास्त नाही, भरलेला ग्लास बोलता बोलता कढत होतो. एका बाटलीचे असे १५ घोट होतात.

आधी ग्लास न हलवता वास. मग फिरवून. मग घोट तोंडभर घोळवायचा, थोडी हवा आत ओढायची, आवाज होतो, लाजू नका. गिळल्यावर मान किंचित खाली घाला आणि गालांतून लाळ किती सुटते बघा. बिंबल बघूनच तोंडाला पाणी सुटतं ना, तेच माप. लाळ सुटत राहिली, दहा-पंधरा सेकंद चव टिकली, आणि शेवट कडू झाला नाही, तर वाइन बरी आहे.

ग्लास महाग हवेत का?

वर निमुळता होणारा कुठलाही पातळ ग्लास चालतो. चाखण्यासाठीचा आयएसओ ग्लास १९७७ पासून ठरलेला आहे, २१५ मिली, छोटासाच. आणि कपाटात पालथा घालू नका, कारण वर सांगितलंय.

वाइनच्या वासाचे ते शब्द मला सुचत नाहीत, गूजबेरी, क्विन्स वगैरे.

गूजबेरी खाल्लीय का कधी? मग कशाला सुचेल? तोरं, जांब, करमलं, शहाळ्याची मलई, अबोली नाही पण सुरंगीचा वळेसर, लिंबाचं पान चुरडल्यावर येतो तो वास, आपल्याकडे काय कमी आहे. परवा एका आजोबांनी ल्वारकाठच्या सांव्हनियेरच्या, शेनां ब्लां द्राक्षाच्या वाइनला 'देवळातल्या मेणाचा आणि सुकत घातलेल्या आंबोशीचा' वास आहे म्हटलं, आणि आम्ही सगळे परत नाक घालायला धावलो. होता.

चिऱ्याच्या जमिनीत द्राक्ष होईल का? गोव्यात मळा का नाही?

चिऱ्याचा दोष नाही. लॅटेराइट हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या अंगाडीपुरमचा चिरा बघूनच दिलं, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरला याच कुळातल्या लोहाच्या खड्यांच्या जमिनीवर नामांकित शार्दोने होते. आपला वैरी पाऊस. चार महिन्यांत साधारण ३००० मिलीमीटर, दमट हवा, केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग वेलीला सोडणार नाहीत. आणि पाऊस गेल्यावरही रात्री गार होत नाहीत, गरम रात्रीत द्राक्षातलं मॅलिक ॲसिड जळून जातं, मग वाइन बसकी. नाशिक ६०० मीटर उंचीवर, थंडीत रात्री दहा डिग्रीच्या आसपास जातात. तिथेसुद्धा वेल नीट झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसानंतर फळासाठीची गोडी छाटणी, आणि वाइनची तोडणी जानेवारी ते मार्च. जमीन दख्खनच्या काळ्या कातळाची. पण वाइनवाला काळी कसदार जमीन नाही, मुरमाड, निचऱ्याची शोधतो, उसाला नको ती याला हवी.

फेणी पिणाऱ्याला हे कळेल का?

जास्त कळतं. हुर्राक हुंगून भट्टीवाल्याने काजूची बोंडं शिळी घेतली का सांगणारी माणसं आमच्याकडे आहेत. फक्त फेणी घेतल्यावर त्याच संध्याकाळी वाइन चाखू नका, जीभ दुसऱ्या दिवशी परत येते.

बाटली खराब आहे हे कसं कळतं?

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, टीसीए म्हणतात त्याला. रंग तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, तर तापलेली. म्हापशाच्या बाजूला एका दुकानात मी चांगल्या मळ्याची बाटली घेतली, काचेच्या शोकेसमध्ये उभी, दुपारचं ऊन सरळ तिच्यावर, भाव कमी होता म्हणून डोळे झाकले. घरी उघडली तर सरळ व्हिनेगरकडे निघालेली. दुकानदार म्हणाला, "व्हाइट वाइन अशीच आंबट असते ओ." आता मी बाटली हाताला गरम लागली की तिथेच ठेवतो. आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत पण ठेवत नाही, ते मे महिन्यात पणजीहून येताना एकदा शिकून झालंय.

जेवणात काय करू?

शाब्लीबरोबर तिसऱ्या सुक्या, मसाला हलका, किंवा इसवणाची रवा लावलेली तुकडी. नारळाच्या रसाच्या हुमणाबरोबर थोडी गोडसर मोझेल, तिच्यात दारूचं प्रमाणही कमी असतं, पुष्कळदा आठ टक्के, आणि तिखटाला गोडी सांभाळते. शाकुतीबरोबर असली वाइन उघडू नका, बिचारी ऐकूच येत नाही. चतुर्थीच्या खतखत्याबरोबर काय जाईल असं एका ताईंनी विचारलं होतं, तिरफळापुढे काही टिकत नाही असं माझं मत, पण चतुर्थीला विचारायचंच कशाला म्हणून बैठकीत वेगळाच वाद झाला.

उरलेली किती दिवस ठेवू?

बूच परत लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. दुसऱ्या दिवशी परत चाखाच, कधी कधी चांगल्या मळ्याची वाइन दुसऱ्या दिवशी जास्त बोलते. चौथ्या दिवशी तिसऱ्यांच्या टोपात ओता, झाकण लावा, शिंपले उघडले की गॅस बंद.